पहिला ठसा

"शेजारच्या देशात गेल्यावर पहिला ठसा कसा काय उमटला?" असं मला गावात जो तो विचारतो. मी खरं तेच सांगतो. गुलाबी रंगाचा, पुदिन्याच्या वासाचा आणि थेट टाळ्यापर्यंत. तो अजूनही अर्जेंटिनातल्या कोंकोर्दियाच्या दंतवैद्यीण बाईंच्या कपाटात असेल. त्या ठशापायी माझी जी शोभा झाली तिची नोंद मात्र कुठंच नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मी वॉशिंग्टन बिदेगाइन. आमच्या उरुग्वेत एका काळी बापांना पोरांची नावं वॉशिंग्टन, नेल्सन अशी ठेवायची हौस होती. त्यात माझा दोष नाही. साल्तोच्या नारिंगबाग क्लबात दर शनिवारी तंबोला होतो, त्याचे आकडे बावीस वर्षं मी पुकारतो. पुकारतो म्हणजे वाचून दाखवत नाही. वाचून पोस्टमनही दाखवतो. आमच्याकडे प्रत्येक आकड्याला नाव आहे. बावीस म्हणजे वेडा, पंधरा म्हणजे देखणी पोरगी, बत्तीस म्हणजे पैसा, अठ्ठेचाळीस म्हणजे बोलणारं मढं, एकोणऐंशी म्हणजे चोर. आकडा कळण्यासाठी लोक कार्ड घेतात, पण ऐकण्यासाठी क्लबात येतात. नव्वद हा शेवटचा. नव्वद म्हणजे भीती. भीतीच्या पुढं आकडा नसतो, ही आमच्या कलेतली श्रद्धा आहे.

तर जूनच्या एका शनिवारी "सहासष्ट, गांडुळं!" असं जोरात पुकारताना माझ्या वरच्या कवळीचे मधोमध दोन तुकडे झाले. एक जिभेवर राहिला, दुसरा आकड्यांच्या पिशवीत पडला. मी हातानं 'थांबा, थांबा' म्हणेपर्यंत क्लबचा खजिनदार रुबेन यानं पिशवीत हात घालून पुढचा आकडा म्हणून माझे सहा दात बाहेर काढले. मग मागच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "अठ्ठेचाळीस! बोलणारं मढं!" लोक हसले ते हसले, पण एका बाईंनी तो आकडा आपल्या कार्डावर खोडलासुद्धा.

पुढच्या आठवड्यात क्लबचं पत्र आलं. 'आपल्याला दात येईपर्यंत माइक तूर्तास श्री. रुबेन यांच्याकडे राहील.' दात येईपर्यंत! त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला! रागानं दात-ओठ खावेत तर निम्मं साहित्यच हाताशी नव्हतं. आणि हा रुबेन पुकारतो कसा, तर "सहासष्ट." बस्स. रक्तदाब सांगावा तसा. गांडुळं नाहीत, काही नाही. पंधराला देखणी पोरगी नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून ते ऐकायचो आणि प्रत्येक आकड्याचं नाव मनातल्या मनात पुकारायचो. त्यातून ऑगस्टमध्ये क्लबला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, मोठा तंबोला होता, बक्षीस मोटरसायकल. तो जर रुबेननं पुकारला असता तर पुढची पंचाहत्तर वर्षं त्यानंच पुकारला असता. तूर्तास दिलेलं परत आलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

आमच्या गावातल्या दंतवैद्यानं सहा आठवडे सांगितले आणि जो आकडा सांगितला त्यात एक गाय आली असती, तिच्या दातांसकट. मी घरी येऊन डोकं धरून बसलो. तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या ग्लॅडिसबाई डोकावल्या. यांची उचलली जीभ टाळ्याला असते, पण बोलतात अशा ठासून की माणूस ऐकतो.

"अहो शेजारी, पलीकडे जा की! अर्जेंटिनात सध्या सगळं पाण्याच्या भावात आहे. मी चष्मे केले तिकडं. दोन केले. एक वापरायला, एक हरवायला."

"पण तिकडची महागाई—" माझी बायको निबिया म्हणाली.

"महागाई त्यांना गं! आपल्याला स्वस्ताई. मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवा. डॉलर न्या, आपले पेसो तिकडं नाक पुसायलाही कोणी घेत नाही. सगळे पैसे एकदम कोणाला देऊ नका, अर्धे द्या. अर्ध्यात माणूस बांधलेला राहतो. आणि परत येताना आपल्या जकातनाक्यावर तोंड उघडू नका."

या तीन सल्ल्यांपैकी प्रत्येकानं मला कसा हात दाखवला ते आता सांगतो.

डॉलर आमच्याकडे होते. लग्नात माझ्या मावशीनं शंभराच्या तीन नोटा दिल्या होत्या, त्या एकतीस वर्षं माते नावाच्या आमच्या चहाच्या जुन्या डब्यात पडून होत्या. त्या घेऊन जुलैअखेर आम्ही सरहद्दीच्या धरणावरच्या पुलाकडे निघालो. रांग तीन तासांची. नगरपालिकेचे निम्मे लोक आजारपणाची रजा घेऊन कुठं जातात ते मला त्या रांगेत कळलं. सगळ्यांचे चेहरे ठणठणीत होते, मांडीवर थर्मास आणि डिकी रिकामी.

खिडकीतल्या अर्जेंटिनी पोराने विचारलं, "नाव?"

"वॉफिंग्टन."

"काय?"

"वॉफिंग्टन! अमेरिकेचा पहिला—"

"कशासाठी आलात?"

"दात."

"दातांचं काय?"

"करायचेत."

त्यानं शेजारच्याला सांगितलं, "लिही, पर्यटन." मी संतापलो, पण स आणि श नसलेल्या शब्दांत संतापायचं म्हणजे फार विचार करावा लागतो, तोवर गाडी पुढं गेली होती.

चौकात पैसे बदलणारे उभे असतात, त्यांना तिकडं झाडं म्हणतात, कारण दिवसभर एकाच जागी उभी आणि हातात पानं. त्यातल्या एका कोवळ्या झाडाला मी मावशीची पहिली नोट दिली. त्यानं ती उन्हात धरली.

"आजोबा, ही छोट्या डोक्याची आहे."

मी टोपी सावरली. "कोणाचं डोकं?"

"नोटेवरच्याचं हो. आता मोठ्या डोक्याच्या चालतात. छोट्या डोक्याला दहा टक्के कमी."

"अरे पण माणूफ तोच आहे ना?"

"माणूस तोच. डोकं लहान."

"अमेरिका फरकार या नोटेला फंभर डॉलर देतं!"

"मग अमेरिकेत जा ना. दात तिकडं करा." झाड शांत होतं. "बाईंनी काय नावानं हाक मारली मघाशी? वॉशिंग्टन? तो एक डॉलरच्या नोटेवर असतो, आजोबा. तुम्ही शंभराच्या भानगडीत कशाला पडता?"

आजूबाजूची सगळी झाडं सळसळली. निबियासुद्धा हसली, हे मी विसरलेलो नाही. दोन नोटा त्यानं दहा टक्के कापून घेतल्या. तिसऱ्या नोटेवरच्या माणसाच्या हनुवटीवर मावशीच्या पेनचा एक ठिपका पडला होता. "हा तीळवाला," तो म्हणाला, "तीळवाला कोणीच घेत नाही," आणि ती परत केली. मला पिशवीभर पेसो मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा मी श्रीमंत झालो, तर झाड म्हणतं कसं, "आजच खर्च करा, आजोबा. उद्यापर्यंत ठेवायची वस्तू नाही ही."

दंतवैद्यीण ओहेदाबाईंच्या दवाखान्यात टेबलामागं मारिएला नावाची मुलगी होती. कवळीचे किती, विचारलं. "शंभर," ती म्हणाली. मी शंभर पेसोची एक नोट काढून समोर ठेवली. तिनं नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आईनं सांगावं तसं सांगितलं, "शंभर हजार. हजार म्हणायचा कंटाळा येतो, म्हणून आम्ही म्हणत नाही. तो धरून चालायचा."

मला घाम फुटला. पैशाचा नव्हे, तेवढे पिशवीत होते. पण ज्याने बावीस वर्षं एकेका आकड्याला मान दिला त्याच्यासमोर आख्खा हजार कंटाळा आला म्हणून गिळून टाकायचा? आणि शंभर! माझ्या जगात आकडे नव्वदला संपतात. इथं सगळं भीतीच्या पुढं सुरू होत होतं, साधा पावसुद्धा.

ओहेदाबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, सगळे आज दिलेत तर भाव पक्का. अर्धे दिलेत तर उरलेले अर्धे ज्या दिवशी द्याल त्या दिवशीच्या भावानं." माझा हात पिशवीकडे गेला, आणि कानात ग्लॅडिसबाई बोलल्या, 'अर्ध्यात माणूस बांधलेला राहतो.' मी म्हणालो, "ठफा होईपर्यंत विचार करतो."

त्यांनी ती गुलाबी लगदी साच्यात भरली आणि माझ्या तोंडात कोंबली. "तीन मिनिटं हलू नका." दुसऱ्या मिनिटाला मारिएलानं दारातून डोकं आत घातलं. "डॉक्टर, कारखान्याचा फोन. दातांची पावडर दहा टक्क्यांनी वाढली."

"बरं. मग साहेबांचे एकशे दहा," ओहेदाबाई म्हणाल्या.

"आं! आं आं आं!" मी म्हणालो.

"साहेब काय म्हणतायत?"

कोपऱ्यात विणत बसलेल्या निबियानं सुईवरून नजर न काढता सांगितलं, "हो म्हणतायत."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण आहे असं मी समजत होतो. ती दंतवैद्यकातली एक पद्धत आहे. पिशवीत एकशे आठ होते. छोट्या डोक्यानं माझा दोन हजारांनी घात केला. मग अर्धेच देऊन आलो. परतीच्या वाटेवर निबियाला विचारलं, "मी हो कधी म्हणालो?" ती म्हणाली, "एकतीस वर्षं तू आं म्हणालास की हो असतं."

दुसऱ्या खेपेला मेणाची कवळी घालून बघायची होती. बाईंनी सहासष्ट म्हणायला लावलं. "शहाफष्ट" असं आलं. अर्धं का होईना, आलं म्हणून माझे डोळे भरले. तोवर भाव एकशे तीसवर गेला होता, म्हणजे माझे अर्धे देऊनही पहिल्याहून जास्त अर्धे उरले होते. निबियानं पिशवी हिसकावून घेतली. "हे कागद घरात ठेवण्यापेक्षा यांचं काहीतरी करून टाकते," म्हणाली, आणि टॉयलेट पेपरचे चाळीस रोल घेतले. "हे निदान कागद म्हणून तरी टिकतील."

"आणि माझे दात?"

"तीळवाला आहे ना."

तिसरी खेप सोमवारी. क्लबची पंचाहत्तरी त्याच संध्याकाळी होती; क्लबच्या घटनेत लिहिलंय की तारीख म्हणजे तारीख, वार कुठलाही असो. आदल्या दिवशी तिकडं मतदान झालं होतं आणि सकाळी उठून बघतात तर त्यांचा पेसो एका झटक्यात पाचव्या हिश्शानं खाली. आम्ही कोंकोर्दियात शिरलो तर दुकानांची दारं अर्धवट उघडी, आत माणसं हातावर हात ठेवून उभी, आणि काचांवर चिठ्ठ्या: 'भाव नाही'. भाव जास्त नाही, भाव कमी नाही. भावच नाही. बातमी न कळलेला शहरातला एकमेव दुकानदार निबियानं अर्ध्या तासात शोधून काढला आणि त्याच्याकडून तेलाच्या चार बाटल्या घेतल्या.

दवाखान्यात माझे दात तबकात तयार होते. पांढरेशुभ्र, माझ्याकडे बघून हसत होते.

"आज भाव नाही," मारिएला म्हणाली.

"म्हणजे फुकट?"

"म्हणजे विकत येत नाहीत. कारखाना सांगत नाही, डॉलर कुठं थांबतो कोणाला माहीत नाही. बुधवारी या."

"बुधवारी! अहो, माझा तंबोला आज फंध्याकाळी आहे! फात वाजता!"

मी त्या मुलीपुढं दाताच्या कण्या केल्या असत्या, पण दात तिच्याच टेबलावर होते. माझा आवाज ऐकून ओहेदाबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "बसतात का नीट, ते तरी बघून घेऊ." त्यांनी कवळी उचलली आणि माझ्या तोंडात बसवली. "म्हणा काहीतरी."

मी तोंड उघडलं. "बत्तीस," मी म्हणालो, "पैसा!"

स आला! तोफेसारखा आला! प्रतीक्षेच्या बाकावर चार-पाच माणसं गाल धरून बसली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं गालावरचा हात काढून विचारलं, "आणि सतरा?"

"सतरा, सत्यानाश!"

"सत्त्याहत्तर?" एक बाई.

"सत्त्याहत्तर, सुंदरीच्या तंगड्या!"

नदी मध्ये असली तरी आकड्यांची नावं दोन्ही काठांवर तीच आहेत. बाक उठून उभा राहिला. कोणी बायकोच्या वाढदिवसाचा आकडा विचारला, कोणी सासूच्या. दोन महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. शेवटी ओहेदाबाईंनी हातमोजे घातले.

"छान बसलेत. काढा आता."

"नाही," मी म्हणालो, आणि ओठ मिटून घेतले.

"साहेब, तोंड उघडा."

मी मान हलवली. दंतवैद्यासमोर माणसानं तोंड उघडायचं नाही म्हटलं की त्या विद्येचा इलाज संपतो. निबियानं बाईंना समजावलं, "ब्याण्णव साली हा असाच मिटला होता. आठवडा गेला."

ओहेदाबाईंना हसू आवरेना. "नाव शोभतं तुम्हाला. त्या वॉशिंग्टनचीही कवळीच होती म्हणतात, म्हणून नोटेवर असा मिटून बसलाय." मग निबियाच्या हातातली तीळवाली नोट घेतली. "ही माझ्याकडं राहू दे. भाव आला की हिशेब करू. जा तुम्ही, नाहीतर मी इथं जुगार चालवते म्हणून पोलीस यायचे."

"छोटं डोकं आहे," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"मला डोकी बघायची सवय नाही," त्या म्हणाल्या.

मारिएलानं पावती केली. 'कवळी, वरची, एक.' किमतीच्या जागी तिनं पेन टेकवलं, उचललं, आणि नुसती एक रेघ ओढली.

आता आमचा जकातनाका. तिकडून आणलेली नवी वस्तू दाखवून तिच्या किमतीवर कर भरायचा असतो. ग्लॅडिसबाईंचा तिसरा सल्ला आठवून मी पुलावर चढतानाच ओठ आवळले. खिडकीत ओलिवेरा होता. दर शनिवारी दुसऱ्या टेबलावर बसतो, कधी जिंकत नाही. त्यानं आत वाकून पाहिलं.

"काय मास्तर, दाखवण्यासारखं काही?"

मी मान हलवली.

"अजून बोळकंच का? अरेरे. मग आज रुबेनच पुकारणार. एका अर्थी बरंच आहे म्हणा, खेळ झटपट आटपतो. तुमची ती गांडुळं-बिंडुळं मध्ये येत नाहीत."

निबियानं माझा गुडघा दाबला. मी मिटूनच राहिलो असतो तर कर वाचला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण गांडुळं-बिंडुळं?

"सहासष्ट म्हणजे गांडुळं!" मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. "बिंडुळं नाहीत! बावीस वर्षं त्या गांडुळांवर तू हसलास, ओलिवेरा! रुबेन काय पुकारतो? भाजीवाला बरा पुकारतो! सदुसष्ट म्हणजे चावा! सत्तावीस म्हणजे कंगवा! सांग रुबेनला सांगायला!"

मागच्या गाड्यांचे भोंगे थांबले. ओलिवेरानं माझ्या तोंडाकडे बघत सावकाश अर्ज काढला. "मास्तर, दात नवे दिसतात."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष देणार कोणाला? निबियानं डोळे मिटून घेतले होते.

"किती पडले?"

"भाव नाही."

"म्हणजे?"

"तिकडं आज भावच नाही." मी पावती दिली. त्यानं ती रेघ पाहिली, पावती उलटी करून पाहिली. मग नियमांचं पुस्तक काढलं. कर किमतीच्या टक्क्यांत. किंमत नसेल तर टक्के कशाचे, ते पुस्तकात नव्हतं. त्यानं वरिष्ठांना फोन लावला. मागं पुन्हा भोंगे सुरू झाले. वरिष्ठांनी काय सांगितलं कोण जाणे, पण ओलिवेरानं अर्जाच्या किमतीच्या रकान्यात जीभ चावत एक शब्द लिहिला: 'अमूल्य'. शिक्का मारला. सरकारनं माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कधी लिहिलं नव्हतं. तेलाच्या बाटल्यांवर मात्र मागच्या आठवड्याचा भाव चिकटवलेला होता, त्या त्यानं ठेवून घेतल्या.

क्लबात पोचलो तेव्हा सात वाजायला पाच मिनिटं होती. मोटरसायकल मंचावर, तिच्या शेजारी रुबेन माइकवर फुंकर मारत उभा. अध्यक्षांनी मला दारात पाहिलं आणि ओरडून विचारलं, "काय वॉशिंग्टन, आले का दात?"

मी हसलो. उत्तर त्यातच होतं. रुबेननं माइक दिला, हातानं पुसून दिला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मी पिशवीत हात घातला आणि पहिला आकडा काढला. पाहिला, आणि उजेडात धरून परत पाहिला. लोकांना वाटलं, पुन्हा तुटली.

"नव्वद," मी पुकारलं. "भीती!"

एवढं झालं की पुढचा आकडा काढायचा, ही बावीस वर्षांची रीत. पण त्या दिवशी मला राहवलं नाही.

"आणि देवाची कृपा, मंडळी," मी म्हणालो, "आपल्याकडं याच्या पुढं आकडा नाही!"

निम्मं सभागृह त्याच दिवशी पूल ओलांडून आलं होतं. आधी त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनी.